सातवं घर

१९९३ साल. सप्टेंबर महिन्यातला पहिला सोमवार. मधल्या सुट्टीची घंटा झाली होती आणि मी शिक्षकांच्या खोलीत पर्स उलटी करून लाल पेन शोधत होते. डोकेदुखीच्या गोळ्या, चुरगळलेली एसटीची तिकिटं, गायनमंडळाच्या सरावाची यादी, अर्धवट खाल्लेलं बिस्किट असं एकेक टेबलावर पडत गेलं. शेवटी एक छोटी पितळी डबी घरंगळत निघाली आणि नलिनी पाटीलबाईंच्या जेवणाच्या डब्याला अडकून थांबली.

नलिनीबाईंनी ती बोटाने माझ्याकडे ढकलली. "काय हो रेमी टीचर, तपकीर ओढायला लागलात की काय?"

मी डबीवर पटकन तळहात ठेवला. "औषध आहे."

"मग घ्या की वेळेवर. तोंड बघा कसं झालंय. माझ्या सासूबाई शेवटच्या दुखण्यातही एवढ्या सुकल्या नव्हत्या."

मी हसले असेन. हसायची सवयच होती. पण डबी उचलली तेव्हा आत काहीतरी हललं. ती डबी रिकामी असायला हवी होती. रिकामी करून शुक्रवारीच चर्चमध्ये परत ठेवायला हवी होती.

तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. वसईतल्या आमच्या तरवाळी गावच्या शाळेत चौथीचा वर्ग माझ्याकडे होता. शाळेखेरीज रविवारचं धर्मशिक्षण, गायनमंडळ, महिला मंडळाचं चिटणीसपद आणि चर्चच्या मासिकाची मुद्रितं तपासणं, हेही माझ्याकडेच. त्यातच आठ सप्टेंबरच्या मरियामातेच्या सणाआधीचा नऊ दिवसांचा नोव्हेना चालू होता आणि रोज संध्याकाळी गाणी बसवायची होती. भर म्हणून महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी ख्रिस्तप्रसाद न्यायचं कामही मी घेतलेलं. सकाळच्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत, फादर जी भाकर, नाण्याएवढी पातळ चकती, पवित्र करतात तीच आम्ही प्रभूचं शरीर म्हणून स्वीकारतो. ज्यांना चर्चपर्यंत येता येत नाही, त्यांच्यासाठी ती या डबीतून न्यायची. डबी जवळ असताना वाटेत कोणाशी बोलायचं नाही, कुठे रेंगाळायचं नाही. माझ्या यादीत सात घरं होती. मी दर वेळी सात भाकरी मोजून घेत असे.

आणि शुक्रवारची एक सोमवारी माझ्या पर्समध्ये होती, गोळ्या आणि बिस्किटाच्या चुऱ्यात.

गेलं वर्षभर माझं काहीतरी बिनसलेलं होतं. सकाळी उठल्यावर चूल पेटवायच्या आधीच दिवस संपल्यासारखं वाटायचं. नमो मरियेची प्रार्थना म्हणताना ओठ हलायचे आणि डोकं कामांची उजळणी करायचं. एकदा कांदा नसतानाच, नुसता भात ढवळता ढवळता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि डॉमनिक, माझे यजमान, घाबरून गेले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. घरी मी तुसडी झाले होते. माझ्या मुलीने, प्रेसिलाने, एकदा विचारलं होतं, "आई, तू आमच्यावर रागावलीयस की सगळ्यांवरच?" तिलाही मी ओरडले.

डबी रुमालात गुंडाळून मी तडक चर्चमध्ये गेले. शाळेच्या मागच्या बाजूलाच चर्च. फादर सिमॉन डाबरे वेदीमागच्या खोलीत खुर्चीवर चढून बिघडलेल्या लाऊडस्पीकरची वायर जोडत होते. साठीचे, जाडजूड, स्वभावाने तुटक. तरवाळीत येऊन त्यांना चारच महिने झाले होते.

"फादर, पापनिवेदन करायचंय."

"आत्ता?" त्यांनी वरूनच माझ्याकडे पाहिलं आणि खाली उतरले. "चला."

जाळीपलीकडे ते बसले, मी गुडघे टेकले. "फादर, मला आशीर्वाद द्या, कारण मी पाप केलं आहे," एवढं मी म्हटलं. मग सगळं एका दमात आलं. पवित्र भाकर तीन दिवस माझ्या पर्समध्ये राहिली. मी तिचा अपमान केला. एसटीत, बाजारात, स्वयंपाकघरात खुंटीला टांगून ठेवली. घाईत होते, विसरले. मी प्रभूला विसरले.

बाहेर मुलांचा लगोरीचा गलका चालला होता.

"कोणाची होती ती?" त्यांनी विचारलं.

"कोणाची म्हणजे? प्रभूची."

"प्रभूचं सोडा. तो थडग्यातही तीन दिवस राहून आलाय. तुमच्या पर्सने त्याचं काही बिघडत नाही. मी विचारतोय, ती कोणाकडे न्यायची होती?"

खरं सांगते, सापडल्यापासून त्या घटकेपर्यंत हा प्रश्न माझ्या मनाला शिवला नव्हता. मी स्वतःच्या पापात एवढी गुंतले होते की त्या भाकरीचं कोणी वाट पाहणारं आहे हेच ध्यानात आलं नाही.

"पास्कूमावशींकडे," मी म्हणाले. "सातवं घर. वाडीतलं."

"का राहिलं?"

"उशीर झाला होता. शाळेनंतर जाऊ असं ठरवलं. मग सराव होता."

"वहीत काय लिहिलंय?"

ख्रिस्तप्रसाद पोहोचवला की चर्चमधल्या वहीत नावापुढे खूण करायची, असा नियम होता. "खूण केलीय. सातही नावांपुढे. निघायच्या आधीच करून टाकते. परत येऊन करायला वेळ नसतो."

"कधीपासून?"

"बरेच महिने झाले."

मग त्यांनी विचारलं, "पास्कूबाई उपास धरतात?"

आता ख्रिस्तप्रसादाच्या आधी एक तास काही खायचं नाही एवढाच नियम आहे, आणि आजाऱ्यांना तोही माफ. पण पास्कूमावशी जुन्या काळातल्या. त्यांच्या लहानपणी मध्यरात्रीपासून तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही असं होतं, आणि नियम बदलला हे त्यांनी कधी मनावर घेतलंच नाही. मी त्यांना दोनदा सांगून पाहिलं होतं. "नियम रोमला बदलला असेल, माझ्या घरात नाही बदलला," असं त्या म्हणाल्या होत्या.

"धरतात," मी म्हणाले.

"मग पहिल्यांदा तिकडे जा. ही त्यांचीच आहे, त्यांना द्या. आणि काय झालं ते सांगा."

"फादर, पाऊस होता म्हणून राहिलं असं सांगितलं तर? म्हाताऱ्या माणसाला उगाच दुखवायचं..."

"पाऊस होता का?"

"नव्हता."

"मग?"

त्यांनी मला पापमुक्ती दिली. जाळीपलीकडून उठताना म्हणाले, "शाळेत अर्धी रजा टाका. आणि टीचर, मुलांच्या दप्तराचं वजन करतात तसं एकदा आपलं करून बघा. काय काय कोंबलंय त्यात, आणि कोणी."

वाडीची वाट चांगली वीस मिनिटांची. दुतर्फा केळी, मधून पाटाचं पाणी, पावसाने शेवाळलेले बांध. छातीशी डबी धरून मी चालत होते आणि लोक नियम पाळून बाजूला होत होते. शाळेच्या वेळेला टीचर डबी घेऊन निघाली म्हणजे कोणीतरी अखेरच्या घटका मोजतंय, असं त्यांना वाटलं असणार. एका बाईने चालता चालता कपाळावर क्रुसाची खूण केली. मला तोंड लपवावंसं वाटलं.

विहिरीजवळ पास्कूमावशींची सून वेरोनिका मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. तिशीची, काटक, कमी बोलणारी. तिने मला पाहिलं, हातातली जुडी खाली ठेवली आणि उठून न बोलता घरात गेली. मी मागोमाग गेले.

पुढच्या खोलीत टेबल मांडलेलं होतं. त्यावर पांढरं इस्त्रीचं कापड, क्रूस, दोन मेणबत्त्या, पाण्याचा पेला. ख्रिस्तप्रसाद येणार त्या दिवशी आमच्याकडे असंच टेबल मांडतात. मेणबत्त्या निम्म्याहून जास्त जळालेल्या होत्या. पास्कूमावशी खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत होता.

"हे काय झालं?" नियम मोडून माझ्या तोंडून गेलं.

"आधी ते द्या," वेरोनिका म्हणाली. "दोन वाजत आले. अजून पाणी नाही पोटात."

मी प्रार्थना म्हटली. त्यांनी डोळे मिटून जीभ पुढे केली. मी भाकर उचलली तशी त्यांनीच मान पुढे आणली. मग पाण्याचा पेला त्यांच्या ओठांना लावला तर त्या एका श्वासात प्यायल्या.

"चार दिवस," वेरोनिका म्हणाली. तिचा आवाज वर चढला नाही. "शुक्रवारी सकाळी टेबल मांडलं. चार वाजेपर्यंत वाट बघितली, मग पेज घेतली. शनिवारी परत तेच. म्हणाल्या, काल राहिलं असेल, आज येईल. साखरेच्या गोळ्या उपाशीपोटी नकोत, म्हणून त्याही राहिल्या. अकराच्या सुमाराला उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या वाट बघायला, आणि तिथेच चक्कर आली. मनगट मोडलंय. मी काल चर्चमध्ये वही बघितली, टीचर. तुमची खूण आहे तिथे."

"वेरोनिका, जा, चहा ठेव," पास्कूमावशी म्हणाल्या.

"साखरेचा?"

"बिनसाखरेचा. टीचरलाही तसलाच दे. तिला काय झालंय?"

सून आत गेली. मी खाटेशेजारच्या स्टुलावर बसले. वाटेत वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही राहिलं नव्हतं. "मावशी, शुक्रवारी मी आलेच नाही. उशीर झाला होता. मग विसरले. वहीत खूण आधीच केली होती."

"मला वाटलं, मी मेले आणि मलाच कोणी कळवलं नाही." त्या हसल्या, पण हसू लवकर विझलं. "उशीर झाला होता, एवढंच?"

"एवढंच."

"बघ, पाप सांगून आलेली दिसतेस. डोळे सुजलेत. पण पुरतं सांगितलेलं दिसत नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"मी तुला पाहिलं, बाय," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी मी त्या खिडकीत बसले होते. तू बांधापर्यंत आलीस. केळीच्या कोपऱ्यावर थांबलीस. घड्याळ बघितलंस, घराकडे बघितलंस, आणि छत्री आडवी धरून माघारी वळलीस. उन्हाची छत्री. पाऊस नव्हता."

ही गोष्ट मी फादरना सांगितली नव्हती. स्वतःलासुद्धा सांगितली नव्हती. खरंच मी बांधापर्यंत गेले होते. दहाला पाच कमी होते, शाळा अकराची. दहा मिनिटांत काम होण्यासारखं होतं. पण खिडकीत मला त्यांचं पांढरं लुगडं दिसलं आणि मनात आलं, आता ही बाई बसवून घेणार, पोर्तुगीज काळातल्या पूर्वजापासून सुरू करणार. नको. छत्री आडवी धरली ती त्यांना माझा चेहरा दिसू नये म्हणून.

"तुम्ही पाहिलंत तरी वाट बघत राहिलात?"

"मग कोणाची बघणार? आणतेस तूच."

मी रडायला लागले. त्यांनी मला थोपटलं वगैरे नाही. डाव्या हाताने पदराची घडी नीट केली आणि विचारलं, "माझा कंटाळा येतो तुला?"

खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. "हो, मावशी. तुम्ही फार बोलता. मला पुढचं काम असतं."

"पुढचं काय काम?"

मी यादी सांगायला लागले. सांगता सांगता तिची लांबी मलाच ऐकू यायला लागली. त्या बोटं मोजत होत्या, एकाच हाताची, म्हणून पाच झाली की पुन्हा करंगळीपासून.

"हे सगळं तुला फादरनी सांगितलं?"

"कोणीतरी करायला हवं ना, मावशी."

"ते नाही विचारलं. सांगितलं कोणी?"

मी आठवायला लागले. मासिकाचं काम मी मागून घेतलं होतं. दोन वर्षांपूर्वी गायनमंडळ रेजिना लोपीस या तरुण मुलीकडे द्यायचं घाटत होतं, तेव्हा मी महिनाभर फुगून बसले होते आणि शेवटी ते माझ्याकडेच ठेवून घेतलं. आजाऱ्यांची यादी चौघींत वाटायची ठरली, तेव्हा मीच म्हटलं होतं, कशाला, मी करते. आणि सणानंतर चर्चच्या आवारात कोणी म्हटलं, रेमी टीचर आहेत म्हणून चाललंय सगळं, की मला आठवडाभर पुरायचं. आठवडा संपला की पुन्हा नवं काम शोधायचं.

"कोणी नाही सांगितलं," मी म्हणाले. "मला चांगलं म्हणून घ्यायचं होतं."

"हां," पास्कूमावशी म्हणाल्या, जणू हरवलेली सुई सापडली. "आता तुला बरं वाटेल."

चहा आला. वेरोनिकाने माझा कप माझ्या हातात दिला नाही, स्टुलाच्या कडेला ठेवला.

पास्कूमावशी चहा पिता पिता वाडीबद्दल बोलायला लागल्या आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांच्या नवऱ्याने वाडीचे सहा भाग केले होते. विहिरीचं पाणी बेताचं, म्हणून एका दिवशी एकाच भागाला पाणी. रविवारी मोट बंद. शेजारचे हसायचे. "आम्हीही नवे असताना सगळीकडे पाणी सोडायचो. दिवसभर राबायचो आणि सगळंच कोमेजलेलं. मग तो मातीवर काडीने रेघा ओढून बसला. भांडलो आम्ही त्यावरून. मला वाटायचं, आज ज्याला पाणी नाही ते मरेल. काही मरत नाही गो. त्याची पाळी ठरलेली असली म्हणजे झालं."

त्या संध्याकाळी मी सरावाला गेले नाही. रेजिनाच्या हातात गाण्यांची वही दिली आणि घरी आले. डॉमनिक कामावरून आल्यावर त्यांना पुढ्यात बसवलं आणि प्रेसिलाच्या जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर आठवडा आखला. सहा खणांचा, रविवार कोरा. प्रत्येक कामापुढे दोन गोष्टी लिहायच्या, कोणी सांगितलं आणि कोण करू शकेल. दुसऱ्या रकान्यात एवढी नावं निघाली की लाज वाटली. डॉमनिक म्हणाले, "अर्धं गाव रिकामं बसलंय, आणि तू त्यांना बसवून ठेवलंयस." शेवटी माझ्याकडे शाळा उरली, घर उरलं आणि आजाऱ्यांची दोन घरं. त्यातलं एक पास्कूमावशींचं. त्यापुढे वेळ लिहिली नाही.

फादरनी एकच गोष्ट वाढवली. रोज शाळा सुटल्यावर वीस मिनिटं चर्चमध्ये बसायचं, हातात काही नाही, रोझरीची जपमाळही नाही. "मग काय करू?" मी विचारलं. "काही करू नका. तेवढंच तुम्हाला जमत नाही." पहिल्या दिवशी बाकावर मला झोप लागली. जागी झाले तेव्हा ते वेदीवरची फुलं बदलत होते. "फादर, मी प्रभूसमोर झोपले." ते म्हणाले, "बरं झालं. तो जागा होता." महिनाभर मी बहुतेक झोपतच होते. मग कधीतरी जागी राहायला लागले, आणि एकदा तर शब्दांशिवाय नुसती बसून राहिले. नमो मरिये परत माझ्या मनातून यायला लागली, त्याला नाताळ उजाडला.

आठ तारखेच्या सणाला मी पहिल्यांदाच लोकांत, बाकावर बसले होते. गायनमंडळ रेजिनाने सांभाळलं. चांगलं झालं. दुसरं कडवं तर मी बसवलं होतं त्यापेक्षा बरं झालं. ते मला सललं, आणि सललं याची लाज वाटली.

त्यानंतर पास्कूमावशी दीड वर्ष जगल्या. मनगट वाकडंच जुळलं. उजव्या हाताने त्यांना रोझरीचे मणी धरता येईनात, घास घेता येईना. वेरोनिका भरवायची. दर पहिल्या शुक्रवारी मी जायचे आणि त्या थांबेपर्यंत बसायचे. पोर्तुगीज काळातल्या त्या पूर्वजाची गोष्ट मी एकूण अकरा वेळा ऐकली. १९९५ साली ईस्टरआधीच्या उपवासकाळात, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी त्या गेल्या. शेवटचा ख्रिस्तप्रसाद मीच दिला.

फादर सिमॉन पुढे तीन गावं फिरले आणि वृद्ध धर्मगुरूंच्या निवासात वारले. मी भेटायला गेले तेव्हा त्यांना माझं नाव आठवेना. आमचं ते बोलणं त्यांच्यासोबत गेलं. पापनिवेदन गुपितच राहतं, तसंच जायला हवं होतं. नलिनीबाई मुलाकडे नाशिकला गेल्या. अजून फोन करतात आणि अजून त्यांना वाटतं की तेव्हा मी कसलंसं गंभीर दुखणं लपवत होते. रेजिनाने सत्तावीस वर्षं गायनमंडळ चालवलं. डॉमनिकना जाऊन सहा वर्षं झाली. प्रेसिला पुण्याला नर्स आहे. जास्तीची ड्यूटी घेऊ लागली की मी तिला वाडीचे सहा भाग सांगते, ती म्हणते, आई, झालं का सुरू.

वेरोनिका गावातच आहे. वाडीचे आता तीनच भाग उरले, बाकी जागेवर इमारती आल्या. सासूच्या दफनानंतर चर्चच्या दारात ती माझ्यासमोर उभी राहिली होती. "आई तुम्हाला माफ करून गेल्या," ती म्हणाली. "त्यांचा हात मोडला होता, त्यांनी करावं. पण दीड वर्ष त्यांना भरवलं मी. मी नाही केलं." आणि निघून गेली.

मी तिला समजावायला गेले नाही. आज मी पंचाहत्तरीला आले आहे, ती साठीपार आहे, आणि रविवारच्या मिस्सेला आम्ही एकाच ओळीत बसतो, मध्ये चार बाया सोडून. शांतीची वेळ येते तेव्हा सगळे इकडेतिकडे वळून एकमेकांना हात जोडतात. मी तिच्याकडे वळून जोडते. ती समोर वेदीकडे बघत राहते. तिचं काही चुकत नाही.